विहिरीत टाकू नका, शोकेसमध्ये ठेवू नका

प्रश्न: सासरे जाऊन काही वर्षं झाली. गावाकडचं जुनं घर पाडून नव्याने बांधायला काढलंय, म्हणून मागच्या आठवड्यात माळा रिकामा केला. तिथे त्यांची लोखंडी ट्रंक निघाली. सासऱ्यांकडे परवान्याची बारा बोअर बंदूक होती. आजारपणातच त्यांनी ती पोलीस ठाण्यात जमा केली होती, पावती आमच्याकडे आहे. ट्रंकेत मात्र एका डब्यात त्याच बंदुकीची लाल कागदी काडतुसं सापडली. काही फुगलेली आहेत, बुडाच्या पितळेवर हिरवा थर आहे. एका कापडी पिशवीत टोकदार पितळी गोळ्या आहेत, पाच-पाच एकेका पत्र्याच्या पट्टीत अडकवलेल्या. आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक मुठीएवढी जड लोखंडी वस्तू, बाहेरून चौकोनी खाचा, वर कडीसारखं काहीतरी. आजेसासरे दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते, त्यांचं असावं.

नवरा म्हणतो, रात्री गुपचूप जुन्या विहिरीत टाकून देऊ. दीर म्हणतात, आजोबांची आठवण आहे, घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवू. सासूबाई म्हणतात, काहीही करा पण पोलीस नकोत, मुलाची सरकारी नोकरी आहे. माझा नववीतला मुलगा त्यातल्या दोन गोळ्या खोलीत घेऊन गेला होता, त्या मी काढून घेतल्या. हे सगळं इतकं जुनं आहे की निकामीच झालं असेल ना? आणि आपण होऊन सांगायला गेलो तर आमच्यावरच गुन्हा दाखल होईल का?

उत्तर: ताई, हे उत्तर तुम्हाला ईमेलने आधीच पाठवलंय, कारण अशा पत्राला छापून येईपर्यंत थांबवता येत नाही. इथे देतोय ते इतरांसाठी. जुनी घरं धडाधड पाडली जाताहेत आणि कुणाच्या माळ्यावर काय निघेल याचा नेम नाही.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं पुढे देतो. आधी फडक्यातल्या वस्तूचं बघू. तुम्ही तिचा उल्लेख सगळ्यात शेवटी केलाय, पण काम तिथून सुरू होतं. तुमच्या वर्णनावरून तो हातगोळा वाटतो. ब्रिटिश फौजेत पहिल्या महायुद्धापासून वापरात असलेला आणि भारतीय सैनिकांनीही वापरलेला ‘मिल्स बॉम्ब’ साधारण असाच दिसतो: बिडाचं खाचांचं कवच, वजन पाऊण किलोच्या आसपास, वर एक चाप आणि त्या चापाला रोखून धरणारी कडीची पिन. आत एक स्प्रिंग ताणून बसवलेली असते. पिन निघाली आणि चाप सुटला की स्प्रिंग सुटते, आतला खिळा ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर आपटतो, वात पेटते आणि काही सेकंदांत स्फोट होतो. नंतरच्या नमुन्यांत ही मुदत ४ सेकंदांची होती, सुरुवातीच्या नमुन्यांत ७. ती पिन म्हणजे धातूची एक बारीक काडी. तिला सत्तर-ऐंशी पावसाळ्यांचा गंज लागलेला असू शकतो आणि आतली स्प्रिंग मात्र अजून ताणलेली असू शकते.

असंही असेल की ते नुसतं रिकामं कवच आहे, किंवा सरावासाठीचा डमी आहे. पुष्कळदा तसंच निघतं. पण ते ठरवणं तुमचं काम नाही, माझं नाही आणि गावातल्या निवृत्त फौजी काकांचंही नाही. रंग उडालेला डमी आणि रंग उडालेला खरा यांत बाहेरून फरक कळत नाही. तळाचं झाकण फिरवून आत काय आहे ते बघण्याचा मोह कुणाला झाला, तर त्या माणसाला आधी खोलीबाहेर काढा.

तेव्हा आज, आत्ता इतकंच करायचं. ट्रंक जिथे आहे तिथेच राहू दे. झाकण उघडं असेल तर उघडंच, बंद असेल तर बंदच. फडकं परत नीट गुंडाळायला जाऊ नका. पाडकामाचे मजूर येत असतील तर काम थांबवा, कारण धक्के आणि कोसळणारी माती या वस्तूला नको आहेत. घर रिकामं करा, जनावरं असतील तर सोडा, मुलांना शेजाऱ्यांकडे पाठवा. मग बाहेर लांब येऊन ११२ ला फोन लावा आणि सरळ सांगा: “जुन्या घराच्या माळ्यावरच्या ट्रंकेत हातगोळ्यासारखी वस्तू आणि जुनी काडतुसं सापडली आहेत. आम्ही सगळे बाहेर आहोत.” आधी कुणी हात लावला असेल तर तेही सांगा. लपवू नका, त्यासाठी कुणी रागावत नाही. ती वस्तू ट्रंकेतून काढून कुठे दुसरीकडे ठेवली असेल तर आता परत ट्रंकेत नेऊ नका. जिथे आहे तिथेच राहू दे आणि ती जागा फोनवर सांगा.

पुढचं काम पोलिसांच्या बॉम्ब शोधक व नाशक पथकाचं. गरज वाटली तर ते लष्कराच्या तज्ज्ञांना बोलावतात. शेजारची दोन-चार घरं रिकामी करायला सांगतील, गर्दी जमेल, गावात चर्चा होईल. होऊ दे. आठ दिवसांत लोक दुसरा विषय शोधतात. सासूबाईंना ही चर्चा नको आहे हे मला समजतं, पण माळ्यावर हातगोळा असलेल्या घरात मजुरांना कुदळी घेऊन चढवलं आणि काही झालं, तर ती चर्चा वेगळी असेल.

फोटो काढायचा असेल तर दारातून, लांबूनच एक काढा, पोलिसांना दाखवायला. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथून तो कुठे जाईल सांगता येत नाही, आणि ‘अमक्याच्या घरी बॉम्ब’ या मथळ्याखाली तुमच्याकडेच परत येईल.

आता मुलगा. त्याच्यावर ओरडू नका, निदान आज तरी नको. त्याच्याशेजारी बसून शांतपणे विचारा: नेमक्या किती घेतल्या होत्या, कुणाला दाखवल्या, कुणाला दिल्या, दप्तरात किंवा सायकलच्या पिशवीत एखादी राहिली आहे का. ओरडलात तर दोनाचा आकडा दोनच राहील आणि तिसरी असेल तर ती कुठेतरी लपवली जाईल. या वयाच्या मुलाला गोळी म्हणजे आधी फिरवून बघायची, मग पकडीने टोक उपटून आतली दारू काढायची आणि काडी लावून बघायची वस्तू असते. किंवा दगडावर ठेवून मागून खिळा मारायची. म्हणून त्याला नुसतं ‘हात लावू नको’ म्हणून भागणार नाही, गोळी कशी उडते ते सांगा.

काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी एक छोटी वाटोळी टोपी दिसते. तिच्यात चिमूटभर असा पदार्थ असतो जो ठोका बसला की पेटतो. जुन्या काळी त्यात पाऱ्याचं फल्मिनेट वापरत, पुढे शिशाची संयुगं आली. त्या ठिणगीने आतली दारू पेटते, वायू तयार होतो आणि पुढची गोळी नळीतून बाहेर ढकलली जाते. इथे नळी महत्त्वाची. बंदुकीबाहेर, टेबलावर किंवा चुलीत काडतूस उडालं तर गोळी सिनेमासारखी सुसाट जात नाही, कारण तिला मागून रेटणारी बंद जागाच नसते. त्याऐवजी पातळ पितळ फाटतं आणि त्याचे धारदार तुकडे व ती टोपी चहूकडे उडतात. लांबवरचा माणूस बहुधा वाचतो. खिळा धरणाऱ्याची बोटं आणि वाकून बघणाऱ्याचे डोळे मात्र त्या तुकड्यांच्या अगदी समोर असतात. हे त्याला असंच सांगा. नववीतल्या मुलाला कारण कळलं की तो ऐकतो, आणि नाही ऐकलं तरी निदान विचारात पडतो. मुलाकडून घेतलेल्या दोन गोळ्या सध्या जिथे ठेवल्या असतील तिथेच, कुलपाआड, उन्हापासून आणि गॅसपासून लांब असू द्या. त्या परत ट्रंकेत टाकायला माळ्यावर चढू नका. हात साबणाने धुवा. जुन्या काडतुसांवरचं शिसं आणि हिरवा गंज पोटात जायला नको.

‘इतकं जुनं आहे, निकामीच झालं असेल’ हा तुमचा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक अशा पत्रात भेटतो. खरं उत्तर असं की काही झालं असेल, काही नसेल, आणि कोणतं कुठल्या गटात आहे ते बघून ओळखता येत नाही. जुनी काळी दारू कोरडी राहिली तर शतकभरानंतरही पेटते. नंतरची बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची असते आणि ती आतल्या आत हळूहळू सडते. सडताना नायट्रोजनचे आंबट, नाकाला झोंबणारे वायू सुटतात आणि तेच वायू पितळ आतून खातात. ती सडू नये म्हणून कारखान्यात त्यात तिला टिकवणारं एक रसायन घालतात, पण तेही कधीतरी संपतं. उष्ण माळ्यावर, उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याखाली, ते लवकर संपतं. डबा उघडल्यावर तसा झोंबणारा वास आला असेल तर पोलिसांना आवर्जून सांगा.

तुमच्या पत्र्याच्या पट्टीतल्या पाच-पाच टोकदार गोळ्या बहुधा .३०३ बोअरच्या, म्हणजे त्या मापाच्या नळीसाठीच्या, आहेत. ब्रिटिश फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलीत त्या तशाच पट्टीने भरत. त्या जुन्या गोळ्यांत बहुधा कॉर्डाइट असे, म्हणजे नायट्रोग्लिसरीन आणि नायट्रोसेल्युलोज यांच्या शेवयांसारख्या काड्या. तेव्हा ‘जुनं म्हणजे मऊ झालं’ हा हिशेब इथे लागू होत नाही.

पितळाबद्दल एक जुनी हकीकत इथे सांगण्यासारखी आहे, आणि ती भारतातलीच आहे. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात मोहिमा थंडावल्या की फौजेची काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात साठवून ठेवत. पाऊस सरल्यावर बाहेर काढली की कित्येकांचं पितळ तडकलेलं असे, नेमकं तिथे, जिथे पितळेची नळी गोळीला आवळून धरते. कारण कळायला १९२१ साल उजाडावं लागलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, आणि थंड अवस्थेत ओढून घडवताना पितळात राहून गेलेला ताण, दोन्ही मिळून धातू फुटत होता. धातुशास्त्राच्या पुस्तकांत हे आजही उदाहरण म्हणून देतात. सांगायचा मुद्दा एवढाच की दिसायला धडधाकट काडतूस मानेशी तडकलेलं असू शकतं, आणि हिरवं-काळं पडलेलं आतून अगदी ठणठणीत.

म्हणून दिरांपैकी किंवा त्यांच्या मित्रांपैकी कुणी म्हणालं की ‘एकदा उडवून बघू, उडालं तर चांगलं, नाहीतर टाकून देऊ’, तर ते सगळ्यात वाईट. परवानाधारकाच्या बंदुकीतसुद्धा नको. जुनं काडतूस कधी चाप ओढल्यावर लगेच उडत नाही, थोड्या वेळाने उडतं. तोवर माणसाने ‘फुसकं निघालं’ म्हणून बंदूक उघडलेली असते. कधी अर्धवट उडून गोळी नळीतच अडकते आणि पुढचा बार उडवताना नळी फाटते. फुगलेलं कागदी काडतूस तर नळीत नीट बसतच नाही, आणि ठोकून बसवणारे महाभाग असतात.

आता तुमच्या यजमानांची विहीर. हा उपाय सगळ्यांना सुचतो आणि म्हणूनच त्यावर थोडं थांबतो. पाण्याने काडतूस मरेलच असं नाही. टोपी आणि गोळी दोन्ही ठिकाणी ते बंद असतं, फौजी माल तर ओल लागू नये म्हणूनच तसा बनवलेला असतो. पाण्यात पितळाचा रंग जाईल, आतलं कित्येक वर्षं तसंच राहू शकतं. तेलात बुडवून ठेवायचा घरगुती उपायही तितकाच बेभरवशाचा. विहिरीचं पाणी कधीतरी आटतं, गाळ कधीतरी उपसला जातो, आणि तेव्हा हातात घमेलं असलेल्या माणसाला आत काय आहे याची कल्पनाही नसते. नदी, नाला, उकिरडा, शेताचा बांध, सगळ्यांची गत हीच. जाळायचं तर नावच नको. भंगारवाल्याला द्यायचं तर त्याच्याकडे पितळ म्हणजे हातोडी आणि भट्टी. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजसारख्या लष्करी सराव मैदानांच्या आसपास भंगारासाठी न फुटलेले गोळे वेचून माणसं मेली आहेत.

आणि हे काम तज्ज्ञांसाठीही सोपं नसतं. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. किमान सहा जण गेले. तिथे नेमून दिलेलं मैदान होतं, खड्डे होते, माणसं याच कामाची होती. रात्री विजेरी घेऊन विहिरीकडे निघालेल्या दोन भावांकडे यातलं काही नाही.

आता कायदा. तुम्ही विचारलंय, आमच्यावर गुन्हा दाखल होईल का. ‘होऊच शकत नाही’ असं मी लिहिणार नाही, ते खोटं ठरेल. पण कायदा कुठे तुमच्या बाजूने आहे आणि कुठून तो तुमच्या विरुद्ध जायला लागतो, ते नीट समजून घ्या.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक काय किंवा दारूगोळा काय, जवळ बाळगता येत नाही. एक काडतूस असलं तरी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ मध्ये याची शिक्षा किमान २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद अशी आहे, शिवाय दंड. हातगोळ्याला कायदा ‘प्रतिबंधित दारूगोळा’ म्हणतो, व्याख्येत त्याचं नावच आहे, आणि तिथे शिक्षा ७ ते १४ वर्षांची. .३०३ हे लष्करी बोअर, प्रतिबंधित गणलं जाणारं. सासऱ्यांच्या बारा बोअरच्या परवान्याशी त्या गोळ्यांचा काहीही संबंध जोडता येणार नाही. तसा जोडायला जाऊही नका.

हे आकडे तुम्हाला घाबरवायला दिलेले नाहीत, यजमानांना आणि दिरांना वाचून दाखवायला दिले आहेत. तुमच्या बाजूला काय आहे ते आता बघा. ‘जवळ बाळगणं’ म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुनवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात स्पष्ट केलेलं आहे. प्रवासाच्या पिशवीच्या अस्तरात राहिलेलं एखादं काडतूस विमानतळाच्या तपासणीत सापडतं, त्या माणसाला ते आहे हेच ठाऊक नसतं. अशी कितीतरी प्रकरणं उच्च न्यायालयांनी याच मुद्द्यावर रद्द केली आहेत. तुमच्या सासऱ्यांच्या ट्रंकेत काय आहे हे मागच्या आठवड्यापर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं, त्यामुळे तोवरचा काळ तुमच्या बाजूचा आहे. झाकण उघडून बघितल्यानंतर मात्र तुम्हाला माहीत आहे. त्यापुढे जितके दिवस तुम्ही गप्प बसाल तितकं ‘आम्हाला ठाऊकच नव्हतं’ हे म्हणणं पातळ होत जातं. विहिरीत टाकलं तर ते म्हणणं संपलंच, कारण माहीत नसलेली वस्तू कुणी रात्री उठून विहिरीत टाकत नाही. शोकेसमध्ये ठेवली तर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकासमोर तुम्ही ती बाळगल्याची कबुलीच देताय.

बारा बोअरच्या काडतुसांना दुसरा आधारही आहे, कलम २१. एकेकाळी कायदेशीरपणे असलेलं शस्त्र किंवा दारूगोळा कोणत्याही कारणाने जवळ ठेवणं बेकायदेशीर झालं, तर विनाकारण विलंब न लावता तो जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे किंवा ठरलेल्या अटींवर परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचा, असं ते कलम सांगतं. सासऱ्यांनी बंदूक जमा केली ती याच वाटेने, काडतुसांचा डबा तेवढा मागे राहिला. म्हणजे तुम्ही नवीन काही करत नाही, त्यांचं अर्धं राहिलेलं काम पुरं करताय. पोलिसांपुढे हे याच शब्दांत मांडता येईल.

आता कागद. पथक येऊन गेल्यावर किंवा त्याआधीच फोनबरोबर एक साधा अर्ज लिहा, दोन प्रतींत. त्यात सासऱ्यांचं नाव, मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, बंदूक जमा केल्याची तारीख, ट्रंक कधी उघडली, त्यात काय दिसलं, कुणी हात लावला, मुलाने दोन गोळ्या खोलीत नेल्या होत्या आणि त्या कुठे ठेवल्या आहेत, हे सगळं. मुलाचा उल्लेख गाळावासा वाटेल. गाळू नका. पट्टीतल्या गोळ्या मोजताना दोन कमी भरल्या की तो प्रश्न येणारच, आणि तेव्हा दिलेलं उत्तर लपवलेलं वाटतं. तारीखही खरीच लिहा. आठवडा गेला असेल तर ‘घाबरल्यामुळे आठवडा गेला’ असं लिहा. तारीख मागेपुढे करायला कुणी सुचवलं, मग तो तुमचा वकील असला तरी, ऐकू नका. अर्जावर सही सासूबाईंची आणि यजमानांची असावी, कारण वारस ते आहेत. ट्रंक तुम्ही उघडली असेल तर तुमचीही. एका प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि पोच घ्या. सोबत बंदुकीच्या पावतीची आणि मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जोडा. परवान्याचं पुस्तक सापडलं तर फार उत्तम. त्याच ट्रंकेत असेल असं वाटत असलं तरी ते शोधायला माळ्यावर जाऊ नका, पथकाला सांगा.

पोलीस पंचनामा करतील, नगांची यादी करतील. त्याची प्रत मागा. मिळायला वेळ लागला तर लेखी मागा. सरकारी नोकरीमुळे धास्ती आहे, तर ठाण्यात जाताना ओळखीचा एखादा फौजदारी वकील बरोबर असू द्या. त्यात संशयास्पद काही नाही, आणि वकील असला की अर्जाची भाषाही नीट होते. जबाब नोंदवतील, तो वाचल्याशिवाय सही करू नका. नोकरीला खरा धोका कशाने असेल तर तो स्वतः पोलिसांना कळवल्याने नव्हे, दुसऱ्या कुणीतरी कळवल्याने. आणि घर पाडायला मजूर आलेले असताना, मुलाने शाळेत दोन मित्रांना सांगितलेलं असताना, ते दुसरं कुणी फार लांब नाही.

एक गोष्ट मात्र करायची नाही: ही काडतुसं पिशवीत घालून स्वतः ठाण्यात घेऊन जायची नाहीत. हातगोळ्याचा तर प्रश्नच नाही. नुसत्या बारा बोअरच्या काडतुसांबद्दलही आधी फोन करा आणि ते म्हणतील तसं करा. ‘या घेऊन’ म्हणाले तर ‘तुमचा माणूस पाठवा, आम्ही अर्ज तयार ठेवलाय’ असं नम्रपणे सांगा. वाटेत नाकाबंदी लागली आणि पिशवीत जिवंत काडतुसं निघाली तर ‘जमा करायलाच चाललो होतो’ हे तिथल्या शिपायाला पटवायची वेळ यायला नको. गावातल्या कुणा परवानाधारकाला ‘तुझ्या बंदुकीला चालतील’ म्हणून देऊन टाकणंही नाही. त्याचा परवाना असला तरी तुम्हाला ती देण्याचा अधिकार नाही, आणि त्यालाही अशी विनानोंद घेता येत नाहीत. कुरियर, एसटी, रेल्वे यांबद्दल वेगळं सांगायला नको.

दिरांबद्दल मला थोडी सहानुभूती आहे. आजोबा लढाईवर गेले होते, त्याची हातात धरता येईल अशी खूण घरात हवी असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण ती खूण जिवंत काडतूस असू शकत नाही. ‘आतली दारू काढून टाकतो, मग काय हरकत?’ असं ते म्हणतील. दारू काढणं हेच धोक्याचं, आणि काढली तरी बुडाची टोपी जिवंत राहतेच. त्यांना आठवणच हवी असेल तर आजोबांचं फौजेतलं नोकरीचं पुस्तक, पदकं, पलटणीतला फोटो, पत्रं शोधा. अशा घरांत यातलं काहीतरी हमखास असतं आणि बहुधा त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पदक चौकटीत बसवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि दिरांना खरंच बंदुकीचा वारसा हवा असेल तर सरळ वाट आहे. जमा केलेल्या बंदुकीवरचा हक्क परवानाधारक गेल्यावर लगेच बुडत नाही. कायदेशीर वारसाला स्वतःचा परवाना मिळवून ती परत घेता येते, किंवा परवाना असलेल्या दुसऱ्या कुणाला ती विकायला संमती देता येते. परवान्याचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे. मात्र याला मुदत असते, आणि ती उलटून गेली तर जिल्हादंडाधिकारी ती वस्तू सरकारजमा करू शकतात. तुमच्या पावतीला बरीच वर्षं झालीत, तेव्हा काडतुसांच्या निमित्ताने ठाण्यात जालच तर बंदुकीचं काय झालं तेही विचारून घ्या. कुणालाच नको असेल तर तसं लेखी देऊन विषय संपवा.

घराच्या बाकीच्या भागाबद्दल. शिकारीचा किंवा राखणीचा नाद असलेल्या माणसाची काडतुसं एका जागी कधीच नसतात. सासऱ्यांचा जुना कोट, जर्किन, कातडी पट्टा, खांद्याची पिशवी, देव्हाऱ्यामागचा कोनाडा, धान्याच्या कणगीमागचा खण. पथक आलेलं असतानाच त्यांना या जागा सांगा आणि त्यांच्यासमोर बघू द्या. विशेषतः पिशव्या. सासऱ्यांची दणकट कॅनव्हासची बॅग घरातलं कुणीतरी उचलतं, त्यात कपडे भरतं आणि विमानतळावर जातं, मग वर लिहिलेली कोर्टातली हकीकत आपल्या घरी सुरू होते. शेवटी सुटका होते, पण मधल्या काळात वकील, तारखा आणि चुकलेलं विमान हे सगळं व्हायचं ते होतंच.

पाडकामाच्या ठेकेदारालाही दोन शब्द सांगून ठेवा. भिंतीत, जोत्यात, मातीत कुठेही पितळी किंवा लोखंडी संशयास्पद काही लागलं तर कुदळ तिथेच थांबवायची, उकरून काढायचं नाही, आल्या वाटेने मागे यायचं आणि तुम्हाला फोन करायचा. मजुराला अशा वस्तूचं पितळ मोलाचं वाटतं, म्हणून हे ठेकेदारामार्फत नव्हे, तुम्ही स्वतः समोर उभं राहून सांगा.

पोच आणि पंचनाम्याची प्रत हातात आली की त्या बंदुकीच्या पावतीबरोबर एकाच फायलीत लावा आणि फाइल सासूबाईंकडे न ठेवता यजमानांकडे ठेवा. वारसनोंदीचं काम निघालं किंवा कुणी पुढे परवान्यासाठी अर्ज केला, तर ही तिन्ही कागदं मागितली जाण्याची शक्यता आहे.